पेशी जगवण्याची विद्या

संप्रेरक म्हणजे रक्तातून आलेला निरोप. तो एखाद्या पेशीने ऐकला की नाही, हे सबंध उंदरात ओळखणे कठीण, कारण तेथे अनेक संप्रेरके एकदमच काम करीत असतात. पेशी शरीराबाहेर काचपात्रात जगवता आल्या, तर एकच संप्रेरक देऊन त्याचा परिणाम पाहता येतो. ही विद्या भारतात रुजवण्याचे श्रेय डॉ. कमल रणदिवे यांच्याकडे जाते.

१९१७ साली पुण्यात जन्मलेल्या कमलताईंनी १९४९ मध्ये मुंबईत डॉ. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. मिळवली. पुढे त्या बाल्टिमोरला जॉर्ज गे यांच्याकडे शिकल्या. याच गे यांच्या प्रयोगशाळेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतील पेशी अखंड वाढू लागल्या. (लॅक्स यांची संमती मात्र कोणी घेतली नव्हती!) परतल्यावर कमलताईंनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. स्तनाच्या कर्करोगात आनुवंशिकता, संप्रेरके व विषाणू यांचा परस्परसंबंध काय, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय.

हे काम नुसते वाचून येत नाही. जाणत्या माणसाशेजारी बसून हात तयार करावा लागतो. पात्रात जिवाणू शिरले की कित्येक दिवसांची मेहनत वाया जाते. शिवाय पोषकद्रव वेळेवर बदलावेच लागते, पेशींना रविवार ठाऊक नसतो. घरी तान्हे मूल असलेल्या संशोधिकेने काय करावे? १९७३ साली कमलताई व त्यांच्या सहकारी महिलांनी भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. संघटनेने पुढे वाशी येथे वसतिगृह आणि पाळणाघरही चालवले.