‘बाभुळगाव’ या नावाचे बाइट-मूल्य : ‘सी’ भाषा आणि देवनागरी संकेतनाचा इतिहास

यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावाचे नाव दोन प्रकारे लिहिलेले आढळते : ‘बाभुळगाव’ आणि ‘बाभूळगाव’. वाचणाऱ्यास गाव एकच. संगणकास मात्र ही दोन भिन्न नावे होत. याचे कारण शोधताना ‘सी’ या भाषेच्या रचनेपर्यंत जावे लागते.

डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ही भाषा सिद्ध केली. तीत मजकूर असा वेगळा प्रकार नाही. शब्द म्हणजे ओळीने ठेवलेले बाइट व त्यांच्या शेवटी शून्य. अक्षरांचे अंकांत रूपांतर करावयाचे असे आपण म्हणतो खरे. पण वस्तुतः अक्षर तेथे प्रथमपासूनच अंक असते. तो अंक कोणी ठरवावा, हाच खरा वाद होय. १९६३ च्या ‘आस्की’ संकेतनातील १२८ स्थानांत देवनागरीस जागा नव्हती.

भारतीय लिपींसाठी कानपूरच्या आयआयटीत ‘जिस्ट’ तंत्रज्ञान आकारास आले व पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये (स्थापना १९८८) वाढले. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये ‘इस्की’ हे संकेतन मानक म्हणून स्वीकारले. आस्कीची स्थाने तशीच ठेवून भारतीय वर्ण वरच्या स्थानांत बसविले गेले. ‘ब’ला २०२, ‘ळ’ला २१० हे अंक मिळाले आणि आपले गाव आठ बाइटांत मावले. येथे ‘सी’ची एक जुनी खोच आडवी येते. साध्या ‘कॅर’ प्रकाराचे मूल्य चिन्हयुक्त मानावे की चिन्हरहित, हे १९८९ च्या अमेरिकन मानकाने संकलकावर सोडले होते. त्यामुळे चिन्हयुक्त मानणाऱ्या यंत्रावर ‘ब’चे मूल्य २०२ ऐवजी उणे ५४ छापले जाते. ‘अनसाइन्ड कॅर’ लिहिले की दोष जातो. रोमन लिपीत काम करणाऱ्यास ही अडचण सहसा जाणवत नसे, कारण त्याची अक्षरे १२७ च्या आतच राहत.

मराठी मुद्रणात मात्र दीर्घकाळ निरनिराळ्या फाँटांचे राज्य होते. त्यांत अंक ध्वनीस नव्हे, आकृतीस दिलेला असे. फाँट बदलला की तोच बाइट दुसरेच अक्षर दाखवी. या अराजकात किती मजकूर अडकून पडला, याची मोजदाद कोणी ठेवली आहे?

१९९१ च्या युनिकोडने देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरून घेतली. १९९२ मध्ये केन थॉम्पसन व रॉब पाइक यांनी यूटीएफ-८ ची रचना केली. या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते; ‘ब’ म्हणजे २२४, १६४, १७२. म्हणून ‘बाभुळगाव’ची लांबी ‘स्ट्रलेन’ २४ सांगते, जरी उच्चारात अक्षरे पाचच. तसेच, देवनागरीत लिहिलेल्या ‘१९९१’चे मूल्य ‘एटीओआय’ शून्य देते, कारण ते आस्कीतील अंकांपुरतेच रचलेले आहे. प्रत्येक अंकाच्या तिसऱ्या बाइटातून १६६ वजा केल्यास खरा अंक हाती येतो.

आता गावाच्या दोन नावांकडे वळू. पहिले अकरा बाइट सारखे. बारावा ऱ्हस्व उकारात १२९, दीर्घ ऊकारात १३०. ‘स्ट्रकम्प’ तेथेच थांबते आणि दोन्ही नावे असमान ठरवते. एका नोंदीत एक व दुसऱ्या नोंदीत दुसरे लेखन असेल, तर केवळ नाव जुळवून पाहणाऱ्या आज्ञावलीस त्या गावच्या शेतकऱ्याची नोंद सापडणार नाही. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावास सहा आकडी संकेतांक दिलेला आहे, आणि नोंदी त्यावरूनच जुळविणे सुरक्षित. ऱ्हस्वदीर्घाचा निर्णय मग व्याकरणकारांवर सोपविता येतो.