जिलेटीनचे सूप आणि पॅरिसचे गोरगरीब

अन्नाचा अखेरचा निवाडा खाणाराच करीत असतो. शास्त्रज्ञांनी एखाद्या पदार्थाची कितीही तरफदारी केली, वैद्यांनी त्यावर शिक्कामोर्तब केले, फार काय, तो फुकट वाटला, तरी खाणाराच वाडगा परत सारू लागला म्हणजे सर्वांचा इलाज खुंटतो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पॅरिस शहरात या गोष्टीचा मोठा बोधप्रद प्रत्यय आला. हाडांपासून काढलेल्या जिलेटीनच्या सूपाची ही हकीकत आहे.

आपल्याकडे आजाऱ्याच्या पथ्यात भाताच्या पेजेला जे स्थान, तेच फ्रान्समध्ये मांस उकळून काढलेल्या रसाला होते. रुग्णालयांतील रोग्यांना तो नित्य मिळावा असा शिरस्ता होता. परंतु मांस महाग आणि खाणारी तोंडे पुष्कळ. १७८९ च्या राज्यक्रांतीनंतर युद्धे व धान्यटंचाई यांनी शहरातील दारिद्र्य वाढले होते. गरिबांना स्वस्तात कसे जगवावे हा त्या काळच्या विद्वानांपुढील मोठा प्रश्न होता. म्युनिकमध्ये काउंट रम्फर्ड याने १७९० नंतरच्या वर्षांत जव, वाटाणे व बटाटे यांचे दाट सूप करून ते गरिबांना वाटले होते, आणि त्याचा बोलबाला पॅरिसपर्यंत पोहोचला होता. अशा वेळी काही रसायनज्ञांची दृष्टी खाटकाच्या दुकानात फेकून दिल्या जाणाऱ्या हाडांकडे वळली.

ही कल्पना मुळात जुनी. देनी पापँ या फ्रेंच संशोधकाने १६७९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे घट्ट झाकणाचे एक भांडे मांडले. हल्लीच्या प्रेशर कुकरचा तो पूर्वजच म्हणावयाचा. या भांड्यात कोंडलेल्या वाफेने कठीण हाडेही चीजसारखी मऊ होत आणि त्यांतून गोठणारा रस निघे. १६८२ मध्ये जॉन एव्हलिन या प्रसिद्ध रोजनिशीकाराने या भांड्यात शिजविलेले भोजन घेऊन त्याची वाखाणणी केली आहे. पुढे काडे द व्हो याने तर एक पौंड हाडांपासून सहा पौंड मांसाइतका रस मिळतो असा दावा मांडला. फुकट जाणाऱ्या वस्तूतून अन्न निर्माण होणार, यापरते सुदैव कोणते!

या कल्पनेला व्यवहारात आणण्याचे काम झां-पिएर-जोसेफ दार्से (१७७७–१८४४) याने अंगावर घेतले. हा गृहस्थ स्वार्थी किंवा भोंदू नव्हता. सोन्याचा मुलामा देणाऱ्या कारागिरांना पाऱ्याच्या विषारी वाफेपासून वाचविणारी भट्टी त्याने तयार केली होती व त्याबद्दल त्याचा गौरवही झाला होता. हाडांतील जिलेटीन वेगळे काढण्यासाठी त्याने प्रथम आम्ल वापरले आणि पुढे वाफेची पद्धत बसविली. या जिलेटीनच्या पाण्यात भाज्या व मीठ घातले की सूप तयार, असा त्याचा हिशेब. १८१४ मध्ये पॅरिसच्या वैद्यकीय विद्यापीठाच्या समितीने त्याची परीक्षा करून अनुकूल अभिप्राय दिला. मात्र त्या परीक्षेतील रस केवळ जिलेटीनचा नव्हता. नेहमीच्या मांसाचा चौथा हिस्सा त्यात होता, उरलेल्या मांसाच्या जागी जिलेटीन आणि सोबत भाजी होती. सूप पचले आणि रोग्यांना मानवले, परंतु त्याचे श्रेय चौथ्या हिश्श्याचे की तीन हिश्श्यांचे, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

त्या काळच्या शास्त्रानेही दार्सेच्या बाजूने साक्ष दिली. फ्रांस्वा माजांदी या शरीरशास्त्रज्ञाने १८१६ मध्ये कुत्र्यांना नुसती साखर, नुसते तेल, नुसते लोणी असे एकेक अन्न देऊन पाहिले, आणि ती सर्व कुत्री मेली. ज्या अन्नात नायट्रोजन नाही ते जीव धरून ठेवू शकत नाही, असे अनुमान त्यावरून निघाले. जिलेटीनमध्ये तर नायट्रोजन भरपूर. तेव्हा ते पौष्टिकच असणार, ही समजूत दृढ झाली. १८२९ मध्ये पॅरिसच्या सँ लुई रुग्णालयात दार्सेचे यंत्र बसले आणि दररोज शेकडो वाटे जिलेटीनचा रस निघू लागला. रसासाठी लागणारे मांस वाचेल व ते भाजून रोग्यांच्याच ताटात पडेल, असा प्रवर्तकांचा युक्तिवाद होता. कागदावर तो बिनतोड होता.

पण कागद आणि वाडगा यांत अंतर असते. या रसाविषयी कुरकूर सुरू झाली. ओतेल-द्य या जुन्या रुग्णालयातील वैद्यांनी १८३१ मध्ये आपला अभिप्राय लेखी दिला. नेहमीच्या रसापेक्षा हा रस बेचव आहे, लवकर नासतो, पचावयास जड जातो, पोषण कमी देतो आणि पुष्कळदा त्याने पोट बिघडते, असे त्यांनी निःसंदिग्धपणे सांगितले. याच सुमारास दोने नावाच्या तरुण वैद्याने स्वतः काही दिवस मुख्यतः जिलेटीनवर काढले, तेव्हा त्याचे वजन घटले आणि भूक काही केल्या शमेना. गानाल या जिलेटीनच्याच कारखानदाराने स्वतःवर व घरच्या माणसांवर प्रयोग केला. परंतु डोकेदुखी आणि किळस यांमुळे तो अर्ध्यावर सोडावा लागला.

प्रवर्तकांना हे रुचले नाही. ही तक्रार म्हणजे केवळ पूर्वग्रह, अशी त्यांची भूमिका राहिली. येथेच या हकीकतीचे खरे मर्म आहे. बाजारातील गिऱ्हाइकाला माल पसंत पडला नाही तर तो दुसऱ्या दुकानी जातो. धर्मादाय रुग्णालयातील रोग्याला दुसरे दुकान नव्हते. त्याच्या हाती एकच उपाय होता, वाडगा तसाच ठेवण्याचा. आणि तोही त्याच्या अडाणीपणाचा पुरावा ठरत होता. ज्याचे जळते त्यालाच कळते हे खरे, परंतु त्याचे ऐकावयास मात्र कोणीतरी तयार असावे लागते.

वाद विकोपास गेला तेव्हा फ्रेंच विज्ञान अकादमीने चौकशीसाठी समिती नेमली. तिचे प्रमुख काम माजांदी याच्याकडे आले. ज्याच्या १८१६ च्या प्रयोगाने जिलेटीनचा पक्ष बळकट केला होता, त्यालाच आता त्याची परीक्षा करावयाची होती. समितीने घाई केली नाही. इतर संशोधकांनी दाखवून दिले होते की, पाव आणि जिलेटीन यांवर खंगत चाललेली कुत्री थोडासा मांसरस मिळताच सुधारतात. माजांदी याने अन्नाचे अनेक प्रकार तपासले. नुसते जिलेटीन समोर ठेवले असता कुत्री पहिले काही दिवस खात, मग तोंड फिरवीत आणि भरलेल्या भांड्याजवळ सुमारे तीन आठवड्यांत उपासमारीने मरत. उलट कच्च्या हाडांवर मात्र कुत्रे तीन महिने धडधाकट राहिले. म्हणजे हाडांत पोषण होते. ते जिलेटीन काढण्याच्या खटाटोपात हरवत होते. १८४१ मध्ये समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. एकट्या जिलेटीनवर प्राण्याचे पोषण होत नाही, हा त्याचा निष्कर्ष. दहा वर्षे रोगी जे सांगत होते, तेच आता अकादमीच्या मुखातून आले.

असे का व्हावे, याचे उत्तर मिळण्यास आणखी साठ वर्षे लागली. प्रथिन म्हणजे एकजिनसी वस्तू नसून अमिनो आम्ल नावाच्या अनेक घटकांची ती जुळणी असते, आणि त्यांपैकी काही घटक शरीर स्वतः तयार करू शकत नाही. १९०१ मध्ये केंब्रिज येथे हॉपकिन्स व कोल यांनी ट्रिप्टोफॅन हा असा एक घटक शोधून काढला. जिलेटीनमध्ये नेमका तोच मुळीच नसतो. घरासाठी विटा ढिगाने आणल्या, पण आढ्याचे लाकूड एकही आणले नाही, तर घर उभे राहावयाचे नाही. तसाच हा प्रकार. दार्सेने नायट्रोजनचे माप बरोबर घेतले होते. माप बरोबर होते, मापावयाची वस्तू चुकली होती.

पॅरिसने ही गोष्ट पुरती विसरावी असेही झाले नाही. १८७० मध्ये प्रशियन फौजांनी शहरास वेढा घातला आणि लोक घोडे व उंदीरही खाऊ लागले, तेव्हा फ्रेमी या रसायनज्ञाने हाडांतील द्रव्य अन्न म्हणून वापरण्याची सूचना पुन्हा पुढे आणली. उपासमारीत नाही म्हणावयाचे त्राण नसते, म्हणून ती चर्चिली गेली; सुबत्ता आल्यावर तिचे नावही राहिले नाही.

आणि तरीही जिलेटीन टाकाऊ ठरले नाही. १८३४ मध्ये त्याच पॅरिसमध्ये मोत व द्युब्लांक यांनी कडू औषध गिळण्यासाठी जिलेटीनच्या कुप्यांचे पेटंट घेतले. १८७१ मध्ये मॅडॉक्स या इंग्रज वैद्याने जिलेटीनचा लेप दिलेल्या कोरड्या काचा छायाचित्रणासाठी वापरता येतात हे दाखविले आणि त्या कलेचा कायापालट झाला. मिठाईत, औषधांत, फिल्मवर त्या वस्तूने आपली जागा मिळविली. सुताराच्या सरसाचे हे सख्खे भावंड. वस्तू जोडणे आणि लेपणे हा त्याचा धर्म. मांसाची जागा भरून काढण्याचे काम त्याच्यावर लादले गेले, तेवढेच त्याला साधले नाही.

गरिबांसाठी स्वस्त व पौष्टिक अन्नाच्या योजना तेव्हाही निघाल्या, आजही निघतात, आणि त्या निघाल्याच पाहिजेत. दार्सेचा हेतू कोणासही अभिमानास्पद वाटावा असाच होता. उणीव राहिली ती एवढीच की, पहिला वाडगा परत आला त्या दिवशी, तो का परत आला हे त्या रोग्याच्या खाटेजवळ बसून कोणी विचारले नाही.