पोटरीचे सहा तास

बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव लहान मुलाच्या गुडघ्यावरून गेली, की बाहेरून दिसते ते मोडलेले हाड. आतली इजा दिसत नाही. गुडघ्यामागून जाणारी मोठी धमनी वर मांडीच्या स्नायूतल्या फटीशी आणि खाली पोटरीच्या स्नायूच्या कमानीखाली जखडलेली असते. हाड सरकते, तिला मात्र सरकायला जागा नसते. ती ताणली जाते, आतले अस्तर फाटते, त्यावर रक्त गोठते आणि वाट बंद होते. कातडी शाबूत, रक्ताचा थेंब बाहेर नाही, तरी पाऊल गार पडत जाते. रक्तावाचून पोटरीचा स्नायू साधारण सहा तास तग धरतो. ही मर्यादा काटेकोर नाही; एखादा पाय आधी जातो, एखादा नंतरही वाचतो. पण यवतमाळसारख्या जिल्ह्यात मुलांच्या पायांतली अशी धमनी जोडण्याच्या शस्त्रक्रियेचा इतिहास लिहायचा, तर तो टाक्यांच्या आधी रस्त्यांचा आणि रुळांचा लिहावा लागेल, असे माझे म्हणणे आहे.

याला पुरावा शल्यशास्त्रातच आहे. सुश्रुताने रक्त थांबवण्याचे चार उपाय सांगितले: संधान, स्कंदन, पाचन आणि दहन. सोळाव्या शतकात फ्रान्सच्या आंब्रुआझ पारेने पाय कापल्यावर रक्तवाहिन्या दोऱ्याने बांधायला सुरुवात केली. हे सगळे जीव वाचवण्यासाठी होते; तुटलेली वाहिनी पुन्हा वाहती करणे त्यात नव्हते. ते जमवले आलेक्सी कारेलने. ल्योंमध्ये भरतकाम करणाऱ्या बाईकडून तो बारीक सुई चालवायला शिकला, असे सांगतात. १९०२ मध्ये त्याने वाहिनीची दोन टोके तीन जागी ताणून शिवण्याची पद्धत मांडली आणि १९१२ मध्ये त्याला नोबेल मिळाले. तरीही दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी सैनिकांच्या २,४७१ धमनी-जखमांचा हिशेब शल्यविशारद डिबेकी आणि सिमिओन यांनी १९४६ मध्ये मांडला, तेव्हा शिवण्याचा प्रयत्न झालेल्या जखमा निघाल्या अवघ्या ८१. बाकी बहुतेक बांधून टाकलेल्या, आणि बांधलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांचे अवयव कापावे लागले. टाका माहीत होऊन चाळीस वर्षे झाली होती. पण जखमी शल्यविशारदापुढे पोचायला सरासरी दहा तासांहून अधिक लागत होते. कोरियाच्या युद्धात हेलिकॉप्टर आले, आघाडीजवळ शस्त्रक्रिया होऊ लागली, धमन्या शिवल्या जाऊ लागल्या, आणि अवयव गमावण्याचे प्रमाण सुमारे १३ टक्क्यांवर आले.

आता हेच घड्याळ यवतमाळात लावून पाहावे. विसाव्या शतकाच्या आरंभी इथे रेल्वे आली ती कापसासाठी. यवतमाळहून दारव्हामार्गे मूर्तिजापूरला जाणारी अडीच फुटी रुळांची शकुंतला नावाची गाडी कापसाच्या गाठी मुख्य मार्गापर्यंत पोचवी, आणि १९९४ पर्यंत ती वाफेच्या इंजिनावरच धावत होती. नागपूरला वैद्यकीय महाविद्यालय १९४७ मध्ये झाले. यवतमाळात ते १९८९ मध्ये आले. १०८ची रुग्णवाहिका राज्यात सुरू झाली २०१४ मध्ये. त्याआधी झरी-जामणीच्या किंवा महागावच्या खेड्यातून मोडक्या पायाचे पोर निघे ते छकड्यात, मग एसटीत. आजही उमरखेडच्या माणसाला नांदेड जवळचे आणि वणीच्या माणसाला चंद्रपूर.

म्हणून पहिला हात लागे तो हाडवैद्याचा. लेप लावायचा, भोवती बांबूच्या कामट्या ठेवायच्या आणि सुतळीने आवळायच्या. साध्या मोडीला हे पुरेसे ठरे, आणि त्या माणसाची बोटे हाड ओळखण्यात तरबेज असत, हे नाकारू नये. पण धमनी दुखावलेली असेल किंवा पोटरी सुजत असेल, तर तीच पट्टी घात करते. घट्ट बांधलेल्या अवयवातला स्नायू रक्तावाचून मरतो आणि आखडतो, हे जर्मनीच्या फोल्कमानने १८८१ मध्येच लिहून ठेवले होते. तरी हाडवैद्याला दोषी धरून मी थांबणार नाही. तो गावात होता, दवाखाना नव्हता.

यावर एक आक्षेप येतो: मुलांच्या शरीरात आडवाटेच्या वाहिन्या लवकर तयार होतात, मग धमनी बंद राहिली तरी पाय वाचतोच की! पुष्कळदा वाचतो, हे खरे. पण कमी रक्तावर वाढणारा पाय दुसऱ्यापेक्षा आखूड राहू शकतो, आणि ते कळायला वर्षे जातात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मुलाची धमनी काडीएवढी, हात लागताच आकसणारी. तिला वाढीला वाव राहावा म्हणून सलग न शिवता सुटे टाके घालावे लागतात, तुकडा गेला असेल तर त्याच मुलाची शीर काढून उलटी जोडावी लागते. एवढे कसब तालुक्याला कुठून आणणार? आणता येणार नाही, आणि आणण्याची गरजही नाही. धमनीच्या दोन टोकांत निर्जंतुक प्लास्टिकची नळी बसवून रक्त तात्पुरते चालू ठेवता येते. पोटरीवरची ताठर आवरणे उभी चिरून दाब मोकळा करता येतो. ही कामे प्रशिक्षण दिले तर सामान्य शल्यविशारदाच्या आवाक्यातली आहेत, आणि त्यांच्यामुळे यवतमाळहून नागपूरपर्यंतचे दीडशे किलोमीटर सोसवतात.

त्याहून आधीचे काम तर बोटांचे आहे. पावलाच्या पाठीवर, अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या मधल्या रेषेत दोन बोटे ठेवावीत आणि दुसऱ्या पायाशी ताडून पाहावे. नाडी लागत नसेल, पाऊल गार असेल, अंगठा हळूच वर केल्यावर पोर किंचाळत असेल, तर एक्स-रेची वाट पाहू नये. प्लास्टरच्या आधी नाडी पाहावी, नंतरही पाहावी. आणि मोठ्या दवाखान्याच्या चिठ्ठीवर मुलाच्या नावाखाली पहिली ओळ लिहावी ती अपघाताच्या वेळेची.