स्पर्धा परीक्षेची तयारी : या पाच चुका टाळा

कौंडण्यपूर-तिवसा भागातून राज्यसेवेची तयारी करणाऱ्या आपल्या मुलामुलींना वाया गेलेले एक वर्षही परवडत नाही. म्हणून काही चुका सुरुवातीलाच टाळलेल्या बऱ्या.

१) पुस्तकांपासून सुरुवात : आधी आयोगाचा अभ्यासक्रम आणि मागच्या प्रश्नपत्रिका वाचा. मग विषयाला एकच पुस्तक घ्या आणि तेच अनेकदा वाचा.

२) सी-सॅट हलक्यात घेणे : हा पेपर फक्त पात्रतेचा आहे. पण २०० पैकी ६६ गुण, म्हणजे ३३ टक्के, मिळाले नाहीत तर पहिल्या पेपरचे कितीही गुण कामी येत नाहीत.

३) अंदाजपंचे उत्तरे : पूर्वपरीक्षेत चुकीच्या उत्तरामागे राज्यसेवेत एक चतुर्थांश, तर यूपीएससीत एक तृतीयांश गुण कापले जातात.

४) नुसते वाचन : २०२५ पासून राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक आहे. लेखी १७५० आणि मुलाखत २७५ गुणांची. रोज एक उत्तर वेळ लावून लिहा, कुणाकडून तरी तपासून घ्या.

५) कागदपत्रांची टाळाटाळ : १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांचा अनुसूचित जातींत समावेश झाला, पण हक्क कागदावर सिद्ध करावा लागतो. जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबा-पणजोबांच्या शाळेची नोंद किंवा कोतवाल बुकाची नक्कल आजच शोधा. केंद्राच्या परीक्षेसाठी केंद्राच्या नमुन्यातला दाखला वेगळा काढा.

अभ्यासात मागे पडलेला विषय पुढच्या महिन्यात भरून निघेल. मुदतीत न मिळालेल्या दाखल्यामुळे मात्र हातातली जागा जाऊ शकते.