पडद्यावरचा समुद्र

मोडनिंब हे गाव कुर्डुवाडीहून पंढरपुराकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आहे. येथून पश्चिमेस निघालेल्या मनुष्यास सह्याद्री ओलांडल्यावाचून समुद्राचे दर्शन घडावयाचे नाही. रंगविलेल्या समुद्राविषयी लिहिताना अशा गावापासून आरंभ करावा, हे वाचकांस विचित्र वाटेल. परंतु पडद्यावरच्या समुद्राचे मोल ज्यांच्या दारी समुद्र नाही, त्यांनाच अधिक कळावयाचे.

मोडनिंबची ख्याती संगीतबारीची. ढोलकी, तबला, पेटी आणि गाणारीची अदा एवढ्या भांडवलावर तेथे विरहिणीचा महाल उभा राहतो. चित्रित पडद्यावाचून काही अडत नाही. ही रीत फार जुनी आहे. भरताच्या नाट्यशास्त्रातील कक्ष्याविभागानुसार नटाने रंगपीठावर फेरी घातली की स्थळ पालटते. कोकणच्या दशावतारात तर खरी लाट हाकेच्या अंतरावर असूनही साधे बाकडेच सिंहासन होते. १८४३ साली सांगलीस विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले, तेव्हाही कथेचा भार मुख्यतः सूत्रधाराच्या गाण्यावर होता. तात्पर्य, आमच्या रंगभूमीवर समुद्र होता, पण तो शब्दांत होता.

चित्रित देखाव्याची हौस पश्चिमेकडून आली. लंडनमध्ये द लूथरबर्ग या चित्रकाराने १७८१ साली प्रकाश व यंत्रे यांच्या साह्याने समुद्रातील वादळ दाखवून लोकांस थक्क केले होते. मुंबईत १८४६ साली ग्रँट रोडवर नाटकगृह उघडले. तेथे १८५३ साली भाव्यांच्या मंडळीनेही खेळ केले. पुढे पारशी मंडळ्यांनी पडद्यांचा थाट वाढविला आणि संगीत नाटकांनी तो उचलला.

समुद्राचा पडदा हे चित्रकाराच्या कसोटीचे काम. रस्त्याच्या पडद्यावर घरांच्या रांगा व महालाच्या पडद्यावर खांब दृष्टीस आत ओढून नेतात. समुद्राला आधार केवळ क्षितिजरेषेचा. नट पडद्याला लागून उभा राहिला की चित्रातले गलबत त्याच्या कोपराएवढे दिसावयाचे! म्हणून नटाने पुढे राहावे आणि खडकांच्या विंगांनी मधले अंतर भरून काढावे, हेच श्रेयस्कर. १९१० ते १९१६ या काळात या कलेत आघाडीवर असलेले आनंदराव व बाबूराव पेंटर हे दोघे समुद्रकाठचे नव्हेत, कोल्हापूरचे होते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

आनंदराव १९१६ साली निवर्तले. बाबूराव चित्रपटाकडे वळले व १९२० साली त्यांचा ‘सैरंध्री’ आला. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलू लागला आणि नाटक मंडळ्यांचे वैभव ओसरले. गावोगावच्या उत्सवी नाटकांनी भाड्याचे पडदे पुढेही बरीच वर्षे वापरले, हे खरे. पण कापड ते किती टिकणार?

पडद्याने प्रेक्षकांची कल्पनाशक्ती पंगू केली, असे मी वर्गात अनेक वर्षे सांगत आलो. आज मला ते मत अपुरे वाटते. रंगविलेली लाट कधीच हलली नाही. तिला हलविण्याचे काम प्रेक्षकालाच करावे लागे. लावणीच्या शब्दांतून महाल पाहणारा आणि कापडावरच्या निळ्या रंगात भरती पाहणारा रसिक एकच होय. म्हणून एखाद्या जुन्या नाट्यगृहाच्या वा शाळेच्या माळ्यावर असा पडदा गुंडाळलेला आढळल्यास तो चिंध्यांत काढू नये. जाणत्याच्या देखरेखीखाली उलगडावा, त्याचे छायाचित्र घ्यावे व तो जतन करावा. देशावरच्या माणसांनी समुद्राची कल्पना कशी केली, याचा तेवढाच पुरावा आपणांपाशी उरला असेल.