माणदेशचा शिधा व 1877 ची मजुरी

सन 1876 ते 1878 च्या दुष्काळाचा विचार करताना आपले अभ्यासक सारा, कर्ज व धान्यबाजार यांकडे लक्ष देतात. मजुराच्या पोटात प्रत्यक्ष काय जात होते, हा प्रश्न बहुधा बाजूस राहतो. माण, खटाव, खानापूर व तासगाव हे तालुके त्या काळी सातारा जिल्ह्यातच मोडत. पुढे 1949 मध्ये दक्षिण सातारा, म्हणजे आजचा सांगली, वेगळा झाला. येथील कुणब्याचा आहार दिसावयास दरिद्री होता: ज्वारी-बाजरीची भाकरी, हुलग्याचे माडगे, मटकी, रानातील पाला, जमल्यास ताक. परंतु तृणधान्यातील प्रथिनांची उणीव कडधान्य भरून काढी व पाल्यातून जीवनसत्त्वे मिळत.

जानेवारी 1877 मध्ये सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील पुरुषाची मजुरी 1 पौंड धान्य व अर्धा आणा एवढ्यावर आणली. पौंडभर ज्वारीत सुमारे दीड हजार उष्मांक; खडी फोडणाऱ्यास जवळजवळ दुप्पट लागतात. डाळ, मीठ व सरपण अर्ध्या आण्यात भागवावयाचे होते! मद्रासचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनी धान्यास डाळ-भाजीची जोड हवीच असा आग्रह धरला. पुण्याच्या सार्वजनिक सभेनेही मुंबई इलाख्यातील मजुरांची बाजू मांडली. टेंपल यांचा हिशेब केवळ वजनाचा होता, हाच त्यातील मूळ दोष, असे आम्हांस वाटते. अन्न अपुरे व एकांगी झाले की शरीराची प्रतिकारशक्ती प्रथम खचते. म्हणूनच त्या काळच्या मृत्युनोंदींत उपासमार थोडी आढळते. पटकी, ताप व हगवण यांचीच सदरे भरलेली दिसतात.