लहान मेंदूची उपेक्षा

डोक्याच्या मागील बाजूस, मानेच्या किंचित् वर, मोठ्या मेंदूच्या खालीं लहान मेंदू असतो. त्याचें वजन सगळ्या मेंदूच्या सुमारें एक दशांश. परंतु २००९ सालीं ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनीं प्रसिद्ध केलेल्या मोजणींत मेंदूंतील ८६ अब्ज मज्जापेशींपैकीं ६९ अब्ज ह्या एवढ्याशा भागांत आढळल्या! इतकें अफाट सैन्य केवळ चालतांना तोल सांभाळण्यासाठींच असेल काय?

श्रोतेहो, दीडशें वर्षें ह्या प्रश्नाचें उत्तर 'होय' असेंच दिलें जात होतें. व्हिएन्नाच्या गाल ह्या वैद्यानें लहान मेंदू हें कामवासनेचें स्थान ठरविलें होतें. पुरावा काय, तर मानेची जाडी! फ्रान्सच्या फ्लूराँस यानें १८२४ सालीं त्याला उत्तर दिलें. त्यानें कबुतरांचा लहान मेंदू थोडाथोडा कापून काढला. पक्ष्यास दिसत होतें, ऐकूं येत होतें, उडण्याची इच्छाहि होती. फक्त पंख व पाय एकमेकांस जुमानीनात. प्रयोग निर्दय खरा, पण बिनतोड. पुढें पहिल्या महायुद्धांत गॉर्डन होम्स ह्यानें गोळी लागून लहान मेंदूस जखम झालेले सैनिक तपासले आणि १९१७ सालीं त्यांच्या हालचालींतील दोषांचें इतकें बारीक वर्णन केलें कीं, प्रश्न मिटल्यासारखाच झाला.

माझ्या मतें गालच्या भ्रामक सिद्धांतानें येथें खोल नुकसान केलें. तो खोटा ठरल्यावर लहान मेंदूचा मनाशीं संबंध जोडणें हेंच हास्यास्पद वाटूं लागलें. रोगी चिडखोर किंवा उदासीन झाला, तर दोष त्याच्या स्वभावाकडे जाई. घरच्यांनीं तरी दुसरें काय समजावें?

१९९८ सालीं बोस्टनच्या श्माहमान व शर्मन ह्या दोघांनीं फक्त लहान मेंदूच दुखावलेले २० रोगी अभ्यासिले. त्यांत बेत आखणें, शब्द सुचणें ह्यांत उणीव दिसली. कोणाचें मन कोरडें पडलें होतें, तर कोणाचा संयम सुटला होता. त्याच वर्षीं आयोवाच्या नॅन्सी अँड्रियासेन बाईंनीं छिन्नमनस्कतेविषयीं आपली उपपत्ति मांडली. लहान मेंदू बिघडलेल्या माणसाचा हात तांब्या घ्यावयास जातो आणि पुढें निघून जातो. तसाच ह्या मनोरुग्णांचा विचार मापांत चुकतो, असें त्यांचें म्हणणें.

एवढ्यावरून मनोविकाराचें मूळच सांपडलें, असें मात्र नव्हे. कारण कोणतें व परिणाम कोणता, हें अजून ठरावयाचें आहे. पण २०१९ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका लहानशा प्रयोगांत छिन्नमनस्क रोग्यांच्या लहान मेंदूचा मध्यभाग डोक्याबाहेरून चुंबकाच्या साहाय्यानें उत्तेजित करण्यांत आला. ज्यांच्यांत त्याचा कपाळामागील मेंदूशीं संबंध दृढ झाला, त्यांची निरिच्छता व एकलकोंडेपणा कमी झालेला दिसला.